मक्त्याने दिलेलं रान

(अमरावती येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, हा दोन पानी कागद मी मुद्दाम सोबत आणला आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात पाइक काउंटी आहे, तिथल्या एका शेतकरी स्नेह्याने आपलं रान शिकाऱ्यांना वर्षभरासाठी दिलं, त्याचा हा करार. नावं झाकून कलमं वाचतो. जमीन १६० एकर. शिकारी चार, पाचवा आणायचा नाही. उभ्या पिकातून गाडी न्यायची नाही. झाडाला खिळा ठोकायचा नाही, कारण पुढे ते झाड लाकूडगिरणीत जातं आणि खिळ्याने करवतीचं पातं मोडतं. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद दिसलं तर बंद. अपघाताचा विमा शिकाऱ्यांनी काढायचा आणि त्यात शेतकऱ्याचं नाव घालायचं. कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याची यंत्रं कुठेही, केव्हाही फिरतील, त्याबद्दल तक्रार चालणार नाही.

हा करार हरणाच्या शिकारीचा आहे, पण एकही हरीण मिळेल असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. लिहिता येतच नाही. ते का, हे सांगायला मी आज उभा आहे.

आपण विदर्भात शेत मक्त्याने देतो, बटईने देतो. घेणारा पेरणार आणि काढणार, हे देणाऱ्याला माहीत असतं. तिथे रान घेणारा काहीच पेरत नाही. ऑक्टोबर ते जानेवारी अधूनमधून येतो, पहाटे झाडावर चढून बसतो, आणि बहुतेक दिवशी रिकाम्या हाताने खाली उतरतो. तेवढ्यासाठी तो दर एकरामागे दर वर्षी पैसे मोजतो. शेतीयंत्रांच्या कामानिमित्त मी त्या भागात अकरा वर्षं राहिलो. पहिल्या वर्षी हे मला निव्वळ वेड वाटलं होतं.

आधी जागा समजून घ्या. पाइक काउंटीच्या एका अंगाला मिसिसिपी नदी, दुसऱ्या अंगाला इलिनॉय नदी. नद्यांकडे उतरणारे कडे, त्यांवर ओक आणि हिकरीचं जंगल, मधूनमधून खोल घळी, आणि सपाटीवर मका नि सोयाबीन. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला, तिकडे त्याला व्हाइटटेल म्हणतात, याहून चांगली जागा कोणती? रात्री सोयाबीन, शरदात ओकची फळं, दिवसा घळीत बसायला गर्द झाडोरा. जमीनही चौकोनांत मोजलेली: एक चौरस मैल म्हणजे ६४० एकरांचा सेक्शन, त्याचा चौथा हिस्सा १६० एकर. राज्यातली ९५ टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी आहे. म्हणजे हरणं जिथे आहेत तिथे बहुतेक ठिकाणी कुणाचं तरी फाटक आहे.

आणि ही हरणं तिथे सदासर्वकाळ होती असं समजू नका. एकोणिसाव्या शतकात बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी इतकी कत्तल झाली की इलिनॉयने १९०१ साली हरणाची शिकार पूर्ण बंद केली. बंद करायला तरी काय उरलं होतं? साऱ्या देशात पाच लाखांच्या आसपास हरणं राहिली होती, असा अंदाज आहे. १९०० साली लेसी कायदा आला आणि बेकायदा मारलेल्या जनावरांचा राज्याराज्यांतला व्यापार गुन्हा ठरला. १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. बंदुका आणि काडतुसांवरचा कर सरळ वन्यजीवांच्या कामाला जाईल, असं त्याने बांधून दिलं. पुढे धनुष्यबाणही त्या करात आले. दुसऱ्या भागांतून हरणं आणून सोडली गेली. इलिनॉयमध्ये शिकार पुन्हा सुरू झाली ती १९५७ साली, म्हणजे ५६ वर्षांनी. आज देशभरात व्हाइटटेलची संख्या तीन कोटींच्या घरात धरतात. एकट्या इलिनॉयमध्ये वर्षाला दीड लाखाच्या आसपास हरणं शिकारीत मारली जातात, आणि तरीही कळप टिकून आहेत. हा आकडा ऐकून तुमच्यापैकी काहींच्या कपाळावर आठी पडली, मला दिसली. त्यावर पुढे येतोच.

आता त्या कागदात हरीण का नाही? इंग्लंडात राजाची हरणं असत, मग जमीनदारांची शिकार. तिथून आलेल्या लोकांनी अमेरिकेत ते नाकारलं. रानातलं जनावर कुणा एकाच्या मालकीचं नाही, राज्याने ते सगळ्या लोकांच्या वतीने सांभाळायचं, हा विचार तिथल्या न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकात पक्का केला. माझ्या स्नेह्याच्या सोयाबीनमध्ये चरणारं हरीण त्याचं नाही, त्याच्या मक्त्याच्या शिकाऱ्याचंही नाही. परवाना राज्य देतं, हंगाम राज्य ठरवतं. मारलेल्या रानटी हरणाचं मांसही विकता येत नाही. शेतकऱ्याच्या हातात एकच गोष्ट आहे: फाटकातून आत कोणी यायचं. मक्ता होतो तो त्या येण्याचा.

पूर्वी हे येणं फुकट असे. गावातला पोरगा सप्टेंबरात येई, गवताचे गठ्ठे गाडीत चढवायला मदत करी, आणि नोव्हेंबरात त्याला रान मोकळं. हस्तांदोलन झालं की करार झाला. मग या भागातल्या मोठ्या शिंगांच्या नरांची कीर्ती बाहेर पसरली, आणि शिकागोहून, दक्षिणेकडच्या राज्यांतून लोक पैसे घेऊन येऊ लागले. आउटफिटर नावाचा धंदा उभा राहिला. आउटफिटर दहा-पंधरा शेतकऱ्यांचं रान मक्त्याने घेतो आणि पाच-सहा दिवसांच्या सहली विकतो, माणशी काही हजार डॉलरला.

मोठी शिंगं म्हणजे काय, हे जरा सविस्तर सांगतो. व्हाइटटेलची शिंगं आपल्या चितळ-सांबरासारखी दर वर्षी गळतात आणि नव्याने उगवतात. वसंतात मखमली कातडीखाली वाढायला लागतात, इतक्या वेगाने की सस्तन प्राण्याच्या शरीरात क्वचितच काही तसं वाढत असेल. सप्टेंबरात मखमल झडते, नोव्हेंबरात माज, आणि थंडीत शिंगं गळून पडतात. नर पाच-सहा वर्षांचा झाला की शिंगं पूर्ण भरात येतात. म्हणजे मोठ्या शिंगांसाठी मुख्य गोष्ट लागते ती वय. दीड वर्षाच्या नराला पहिल्याच हंगामात मारलं, तर तो पाच वर्षांचा होणार कसा? १९८८ साली क्वालिटी डिअर मॅनेजमेंट असोसिएशन ही संस्था निघाली, ती हेच सांगत आली: कोवळे नर सोडा, माद्या पुरेशा काढा, म्हणजे मारून कमी करा. या वाक्याचा पहिला अर्धा भाग सगळ्यांनी उचलला. दुसऱ्या अर्ध्याकडे मी परत येणार आहे, कारण माझं म्हणणं तिथेच आहे.

शिंगांची मोजणी इंचाच्या आठव्या भागापर्यंत होते, तीही शिंगं ६० दिवस वाळल्यावर. धनुष्याने मारलेल्या नरांची नोंद पोप अँड यंग क्लब ठेवतो. नेहमीच्या घडणीच्या शिंगांसाठी तिथे सगळी मापं मिळून किमान १२५ इंच लागतात. क्लब १९६१ सालचा. त्याला ज्याचं नाव दिलं तो सॅक्स्टन पोप सॅन फ्रान्सिस्कोतला शल्यविशारद होता. तो धनुष्य शिकला इशीकडून. इशी कॅलिफोर्नियातल्या 'याही' नावाच्या जमातीचा. त्या जमातीची वसाहतवाल्यांनी कत्तल केली, जमीन बळकावली. उरलेला शेवटचा माणूस १९११ साली ओरोव्हिल गावाजवळ भुकेने खंगून बाहेर आला. त्याने आपलं नाव कधी कुणाला सांगितलं नाही. 'इशी' म्हणजे त्याच्या भाषेत फक्त 'माणूस'. त्याला संग्रहालयात ठेवलं, आणि पोप त्याच्यावर उपचार करता करता त्याच्याकडून धनुष्य करायला, बाण तासायला, दबा धरून बसायला शिकला. १९१६ साली इशी क्षयाने गेला. आज जे लोक एकेका एकराला पैसे मोजून धनुष्य घेऊन बसतात, त्यांची विद्या ज्याची सगळी जमीन गेली त्या माणसाकडून आली आहे. मला हे विसरता येत नाही.

आजचं धनुष्य मात्र इशीचं नाही. मिझूरीतल्या हॉलिस ॲलन यांना १९६९ साली कप्प्यांच्या कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं. दोरी पूर्ण ताणली की कप्प्यांमुळे हातावरचा भार बराच उतरतो, म्हणून नेम धरून थांबता येतं. तरीही अंतर थोडंच ठेवावं लागतं. बाण सेकंदाला २८० ते ३०० फूट जातो, आवाज अकराशे फूट. दोरीचा आवाज हरणाला आधी ऐकू येतो आणि ते पळण्यासाठी अंग खाली दाबतं. तीस यार्डांवर बाण पोहोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्यात वीतभर फरक पडतो, आणि फुप्फुसाऐवजी बाण पाठीत जातो. म्हणून आउटफिटरचा चांगला वाटाड्या वीस-पंचवीस यार्डांपलीकडे बाण सोडू देत नाही.

वाटाड्या शेजारी बसतो असं समजू नका. त्याचं बरंचसं काम आधीच झालेलं असतं. कॅमेरे लावून कोणता नर कोणत्या वाटेने जातो ते पाहणं, मचाणं बांधणं, आणि रोज पहाटे वारा पाहून कोणाला कुठल्या मचाणावर धाडायचं ते ठरवणं. वारा चुकला तर सगळं गेलं, हरणाला माणसाचा वास लांबूनच लागतो. बहुतेक आउटफिटरांचे नियम कडक असतात: ठरल्यापेक्षा लहान नर मारला तर दंड, आणि रक्त सांडलं की तो तुमचा नर, सापडो न सापडो. दुसरा नियम मला फार योग्य वाटतो.

एका नोव्हेंबरात स्नेह्याचा फोन आला, माग काढायला माणूस हवा होता. शिकाऱ्याने संध्याकाळी बाण सोडला होता. बाण सापडला, त्यावरचं रक्त काळपट लाल होतं. काळपट म्हणजे यकृत. फुप्फुसाचं रक्त फेसाळ, उजळ असतं आणि जनावर शंभर-दीडशे पावलांत पडतं. यकृताला लागलं तर तासन्‌तास थांबायचं. लगेच मागे गेलात तर ते उठतं आणि मैलभर जातं. आम्ही पहाटेपर्यंत थांबलो. तो शिकारी, पन्नाशीचा गृहस्थ, रात्रभर जेवला नाही, एक शब्द बोलला नाही. उजाडल्यावर आम्ही पानापानावर रक्ताचा ठिपका शोधत गेलो, प्रत्येक ठिपक्याला कागदाचा तुकडा अडकवत. नर ओढ्याच्या काठी मिळाला. तो माणूस गुडघ्यावर बसला आणि त्याने बराच वेळ त्याच्या मानेवर हात ठेवला. मी शिकार करत नाही, करणारही नाही. पण त्या सकाळनंतर या लोकांना एका शब्दात निकालात काढणं मला जमलं नाही.

आता तुमची आठी. हौसेसाठी जीव घ्यायचा का? इलिनॉयमधून हरणं मारून खाणारे लांडगा आणि प्यूमा केव्हाच संपवले. मादी बहुधा दोन पाडसं देते. कोणी काढलंच नाही, तर कळप दोन-तीन वर्षांत दुप्पट होऊ शकतो. मक्याची नासाडी होते, जंगलात ओकचं रोप वर येत नाही, आणि देशभरात वर्षाला दहा लाखांहून अधिक वेळा हरणं गाड्यांवर आदळतात, त्यात माणसंही जातात. कोणीतरी हरणं कमी करायला हवीत. पण ती माद्या काढून कमी होतात. एक नर कितीतरी माद्यांना पुरतो, त्यामुळे नर मारून कळप घटत नाही.

आणि खरं दुखणं इथेच आहे. हजारो डॉलर देऊन आलेला माणूस शिंगांसाठी आलेला असतो. मादीवर बाण सोडला तर आवाजाने, वासाने ते रान दोन दिवस बिथरेल, म्हणून तो माद्या जाऊ देतो. पूर्वीचा गावातला पोरगा मादी मारून घरी मांस न्यायचा, शीतपेटी भरायचा. त्याला आपण फाटकाबाहेर काढलं. मक्ता मिळाला, पण सोयाबीन खाणारे कळप वाढले. माझ्या स्नेह्याने एकदा हिशेब मांडला होता: मक्त्याचे पैसे एका बाजूला, रानाला लागून असलेल्या पट्ट्यातलं घटलेलं पीक दुसऱ्या बाजूला. वजाबाकीत फारसं काही उरलं नाही.

त्यात रोग आला. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, झिजून मरण्याचा आजार, १९६७ साली कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला, २००२ साली विस्कॉन्सिन आणि इलिनॉयमध्ये. विषाणू नाही, जिवाणू नाही, बिघडलेलं प्रथिन. लाळेतून, लघवीतून पसरतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. उपाय नाही. दाट कळपात त्याला वाट सोपी, आणि लागण वयस्क नरांत जास्त आढळते. म्हणजे ज्यांना आपण पाच वर्षं जपतो, नेमके तेच. उत्तर इलिनॉयमध्ये राज्याचे नेमबाज थंडीत जाऊन कळप विरळ करतात. शिकाऱ्यांना ते आवडत नाही. पण मक्त्याच्या रानात माद्या निघाल्या असत्या, तर नेमबाजांना एवढं काम उरलं नसतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच की कागद बदला. मोठा नर जपण्याचं कलम असतं, तसं माद्यांचं कलम घाला: या १६० एकरांत या हंगामात इतक्या माद्या काढल्या नाहीत तर पुढचं वर्ष नाही. पाहुण्यांना नको असेल तर ऑक्टोबरात किंवा जानेवारीत गावातल्या पोरांना आत येऊ द्या. मांस कुठे जाईल, हा प्रश्न नाही. शेजारच्या आयोवा राज्यात शिकाऱ्यांनी दिलेलं मांस गरजूंपर्यंत नेण्याची 'हश' ही योजना २००३ पासून चालू आहे, इलिनॉयमध्येही तसं काम आहे.

एक चिठ्ठी आली आहे: विदर्भात रोही आणि रानडुकरांनी पीक खाल्लं, आपणही रान असं मक्त्याने द्यावं का? नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा हौसेच्या शिकारीला जागा ठेवत नाही. त्याआधी मेळघाटात, चंद्रपुराकडे शिकारीचे ब्लॉक ठरावीक दिवसांसाठी दिले जात, परदेशी पाहुणे येत. त्याचं काय झालं ते तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि तीन एकरांच्या शेतात रोही या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर दहा पावलांत जातो, मक्ता कुणाचा धरायचा? जागलीला जाणाऱ्याच्या रात्रींचा मोबदला कसा द्यायचा, हा आपला प्रश्न वेगळा आहे. त्यावर इथे स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, आणि ते जागल केलेल्या माणसाने द्यावं.

हा कागद मी सुरुवातीला वाचला, तो जुना आहे. नवा माझ्याकडे नाही, पण त्यातलं सातवं कलम स्नेह्याने फोनवर वाचून दाखवलं: आठ माद्या, पंधरा जानेवारीपर्यंत. चारपैकी दोन शिकारी हे कलम पाहून सोडून गेले. गेलेल्या दोघांच्या जागी त्याने शेजारच्या रस्त्यावरचा एक बाप आणि त्याची चौदा वर्षांची मुलगी घेतली, पैसे न घेता. पहिल्या हंगामात पाच माद्या निघाल्या. तीन राहिल्या, त्याबद्दल तो अजून कुरकुरतो आहे.