रडारला न दिसणारी होडी

(बेलापूर, दिवाळे जेटी. पहाट, ओहोटी.)

पाणी उतरलंय. दिवाळ्याच्या होड्या चिखलात कुशीवर कलंडल्यात. भरती चढेपर्यंत यातली एकही हलणार नाही, आणि गस्तीची बोट इथे बांधलेली असेल तर तीही नाही. उधाणाला इथलं पाणी पाचेक मीटरपर्यंत चढतं, आणि भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. हे गणित कोळ्यांना पाठ आहे. खाडीत रेतीचे सक्शन पंप चालवणाऱ्यांना आणि चोरटं डिझेल उतरवणाऱ्यांनाही.

(न्हावा शेवा. कंटेनर जहाज आत येताना.)

हे जहाज स्वतःच स्वतःचा पत्ता सांगत चाललंय. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, 300 ग्रॉस टन आणि त्यावरच्या प्रत्येक जहाजावर एआयएस (जहाजाची ओळख आपोआप कळवणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. नऊ आकडी ओळख क्रमांक (भारतीय असेल तर 419 ने सुरू होणारा), जागा, वेग, दिशा. चालत्या जहाजावरून ही माहिती दर 2 ते 10 सेकंदांनी व्हीएचएफ रेडिओवर जाते. अडचण एकच: ती देणारा स्वतः जहाजवालाच. संच बंद केला, चुकीचा क्रमांक भरला, की पडद्यावर वेगळंच चित्र.

म्हणून संशोधक आता दोन चित्रं एकमेकांवर ठेवतात. एक एआयएसचं, दुसरं उपग्रहावरच्या रडारचं. या रडारला रात्र आणि ढग आड येत नाहीत. रडारवर ठिपका आहे आणि एआयएसवर नाही, तर तिथे विचारणा करायची. मोठ्या लोखंडी जहाजांसाठी ही पद्धत उत्तम. दहा मीटरच्या फायबरच्या होडीसाठी नाही, कारण तिचा ठिपकाच उमटण्याची खात्री नसते. शिवाय उपग्रह काही खाडीवर थांबून राहत नाही. येतो आणि पुढे जातो.

(दीपगृह, फिरता अँटेना.)

मग किनाऱ्यावरचं रडार? अँटेना 25 मीटर उंचीवर आणि होडी पाण्यावर मीटरभर वर असेल, तर हिशेबाने ती सुमारे 13 सागरी मैलांवर, म्हणजे 24 किलोमीटरवर दिसायला हवी. खवळलेल्या पाण्यात हा हिशेब कोलमडतो. लाटासुद्धा रडारला प्रतिध्वनी देतात. पडदा पांढरा झाला की ऑपरेटर 'सी क्लटर'चं, म्हणजे लाटांचे प्रतिध्वनी दाबणारं, बटण फिरवतो. लाटा जातात, त्यांच्याबरोबर होडीही जाते.

होडीच काय, 2011 च्या पावसाळ्यात खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेलं 'पवित' हे टँकर जहाज वाहत वाहत थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतलं होतं.

(क्लोजअप: डोलकाठीवरचा ॲल्युमिनियमचा परावर्तक.)

हे पाहा. ॲल्युमिनियमचे तीन पत्रे, एकमेकांत काटकोनात अडकवलेले. कुठूनही आलेली रडारची लहर हे परत त्याच दिशेला फेकतात. मात्र कोन नेमका हवा. जाळी ओढताना धक्का लागून पत्रा दोन-चार अंशांनी वाकला, तरी प्रतिध्वनी बराच पडतो. टांगायचा तोही पावसाचं पाणी झेलेल असा, तीन पत्र्यांचा खळगा आभाळाकडे ठेवून. बऱ्याच बोटींवर तो टोकावर उभा बांधलेला दिसतो.

(केबिनच्या छपरावर ट्रान्सपॉन्डर बसवताना.)

आणि ही त्याहून मोठी गोष्ट. इस्रोने विकसित केलेला हा ट्रान्सपॉन्डर उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी बोलतो: बोटीची जागा किनाऱ्याला, वादळाचा इशारा बोटीला. देशभरातल्या 1 लाख मासेमारी बोटींवर तो मोफत बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला झाला.

बसवणं अर्ध्या तासाचं काम वाटतं. बिघडतं ते नंतर. संचाला वरचं आभाळ मोकळं लागतं. त्यावर पावसाळी ताडपत्री आणि लोखंडी पाइप आले की संदेश अडतो. वायर दिव्याच्या बॅटरीलाच जोडली असेल, तर इंजिनाचा स्टार्टर मारताच व्होल्टेज पडतं आणि संच नव्याने सुरू होतो. खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवी पूड धरते. ती पॉलिशपेपरने घासायची, ग्रीस लावायचं, सांध्यावर रबरी टेप ताणून गुंडाळायची. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीत बॅटरी घरी नेतात. नारळी पौर्णिमेनंतर ती परत येते, संचाची वायर मात्र लोंबतीच राहते.

बंद ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते गुन्हेगारीचं नाही. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, आपली माशांची जागा दुसऱ्याला कळू द्यायची नसते. जागा फक्त यंत्रणेलाच दिसेल, शेजारच्या बोटीला नाही, हे त्याला आधी पटवून द्यावं लागतं. ते न करता पेटी ठोकून जाणं म्हणजे निव्वळ फोटोपुरतं काम.

(गस्ती बोट, इंजिनाचं झाकण उघडं.)

गस्तीच्या बोटीचीही तीच कथा. किनारी सुरक्षा योजनेत राज्यांना 12 टनी आणि 5 टनी वेगवान बोटी मिळाल्या. खाडीच्या पाण्यात गाळ आणि प्लास्टिक. पिशवी इंजिनाच्या पाणी घेणाऱ्या तोंडाला चिकटते, गाळणी तुंबते, गाळाने पाणी ओढणाऱ्या रबरी इम्पेलरची पाती झिजून तुटतात. मग थंड पाणीच फिरत नाही, तापमानाचा अलार्म वाजतो, आणि पाठलाग तिथेच संपतो. सुटा इम्पेलर बोटीवर हवा, आणि गाळणी प्रत्येक फेरीनंतर उघडायला हवी. नव्या बोटीच्या नारळाचे फोटो पुष्कळ निघतात. इम्पेलरचा हा बहुधा पहिलाच.

(जुनी छायाचित्रं: शेखाडी, 'कुबेर', बधवार पार्क.)

1993 ला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीत उतरलं. 2008 ला 26/11 च्या हल्लेखोरांनी 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून आणली आणि त्यांची रबरी होडी कफ परेडच्या कोळीवाड्यात लागली.

(दिवाळे जेटी. भरती.)

पाणी आलं. होड्या सरळ झाल्या. केबिनच्या दारावर खडूने दोन नंबर लिहिलेत: 1093 सागरी पोलिसांचा, 1554 तटरक्षक दलाचा. संचावरचा हिरवा दिवा लागलाय. खलाशी दोर सोडतोय.