ओक्लाहोमा विद्यापीठ: प्रवेश दिला, पण बसवलं कुठे?

नमस्कार मंडळी! अमेरिकेत कोर्टाने आदेश दिला आणि विद्यापीठांतला वर्णभेद संपला, असं आपण सहज म्हणून जातो. ओक्लाहोमात काय झालं ते बघा.

१९४६ साली एडा लोइस सिपुएल यांनी तिथल्या विद्यापीठात वकिलीच्या शिक्षणासाठी अर्ज केला. पात्रता पूर्ण होती. नकार मिळाला, कारण त्या कृष्णवर्णीय. राज्याचा कायदाच तसा होता: गोऱ्या-काळ्यांना एका वर्गात शिकवणं गुन्हा, आणि तिथे बसून शिकणंही गुन्हा! थर्गुड मार्शल त्यांचे वकील होते. जानेवारी १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्याने त्यांना कायद्याचं शिक्षण द्यायलाच हवं. मग राज्याने घाईघाईने विधानभवनातल्या खोल्यांमध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळं लॉ कॉलेज थाटलं. सिपुएल तिकडे फिरकल्याही नाहीत. शेवटी १९४९ मध्ये त्यांना विद्यापीठात प्रवेश मिळाला.

त्याआधी, १९४८ मध्येच, जॉर्ज मॅक्लॉरिन कोर्टात लढून आत आले होते. वयस्कर गृहस्थ, स्वतः कॉलेजात शिकवलेलं, आता शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करायची होती. त्यांचं बाक ठेवलं वर्गाला लागून असलेल्या छोट्या खोलीत. प्राध्यापक वर्गात शिकवणार, हे बाजूच्या खोलीतून ऐकणार. लायब्ररीत पोटमाळ्यावर एक टेबल नेमून दिलेलं, वाचनकक्षात बसायची मनाई. कॅफेटेरियात जेवणाची वेळ वेगळी, टेबलही वेगळं. पुढे वर्गात घेतलं, तेव्हा जागेभोवती कठडा घातला आणि पाटी लावली: ‘कृष्णवर्णीयांसाठी राखीव’.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त बोचतो तो हा कठडा. कुणीतरी बसून मोजमाप घेतलं असेल, सुताराला बोलावलं असेल, बिल मंजूर केलं असेल. एका वयस्कर विद्यार्थ्याला वेगळं पाडायला एवढा खटाटोप!

मॅक्लॉरिन पुन्हा कोर्टात गेले. विद्यापीठाचं म्हणणं, शिक्षक तेच, पुस्तकं तीच, मग तक्रार कसली? ५ जून १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे खोडून काढलं. सोबतच्या विद्यार्थ्यांशी चर्चा करणं, मतं मांडणं हाही शिक्षणाचाच भाग आहे, आणि या बंधनांनी नेमकं तेच हिरावलं जातं, असं न्यायालय म्हणालं. १९५४ मध्ये शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या ब्राउन खटल्याच्या निकालात याच युक्तिवादाचा आधार घेतला गेला.

पण १९५० चा निकाल पदवीनंतरच्या शिक्षणापुरता होता. शाळा संपवून थेट पदवीला येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांना ओक्लाहोमा विद्यापीठात पाऊल ठेवायला १९५५ साल उजाडलं.