संघ कुणाचा, रिंक कुणाची

मंडळी, 2022-23 च्या हंगामात कॅनडाच्या वेस्टर्न हॉकी लीगच्या गुणतक्त्यात विनिपेग शहराचा विनिपेग आइस हा संघ सगळ्यांत वर होता. अंतिम फेरीपर्यंत पोचला, तिथे सिअ‍ॅटलकडून हरला. जूनमध्ये बातमी आली की संघ विकला गेला आणि वॉशिंग्टन राज्यातल्या वेनाची गावी चालला. विनिपेगची वस्ती साडेसात लाखांची, वेनाचीची पस्तीस हजारांच्या आसपास. विनिपेगमध्ये आइस हॉकीच्या वेडाला कधीच तोटा नव्हता. एवढं असून लीगमधला अव्वल संघ तिथे टिकला नाही. आज मला त्याच्या कारणाबद्दल बोलायचं आहे, कारण ते समजलं की कॅनडातल्या ज्युनियर हॉकीत संघ का येतात, का जातात आणि का बुडतात हे बरंचसं उलगडतं.

आपल्यापैकी अनेकांची मुलं इथे कॅनडात स्केट्स घालून मोठी झाली, आपण मात्र मैदानी हॉकी बघत वाढलो. म्हणून थोडी ओळख करून देतो. मेजर ज्युनियर म्हणजे साधारण 16 ते 20 वर्षांच्या मुलांचा खेळ. पश्चिमेत वेस्टर्न लीग, ओंटारियोत ओंटारियो लीग, क्युबेक आणि अटलांटिक प्रांतांत क्युबेक लीग. तिन्ही मिळून कॅनेडियन हॉकी लीग. वेस्टर्न आणि ओंटारियोत एका संघाचे हंगामात 68 सामने होतात, त्यातले निम्मे घरच्या रिंकवर, म्हणजे आपल्या गावच्या बर्फाच्या मैदानावर. मुलं परगावची असतात, ती गावातल्या कुटुंबांत राहतात. इथे त्यांना बिलेट फॅमिली म्हणतात. पोरगा त्यांच्याकडे जेवतो, त्यांच्याकडून शाळेत जातो, रात्री दोनला बसमधून उतरून त्यांच्याच दाराची किल्ली फिरवतो. संघ हलतो तेव्हा ही घरंही तुटतात. बातमीत मात्र फक्त मालकाचं नाव आणि नव्या शहराचं नाव येतं.

आता विनिपेगकडे वळू. हा संघ मुळात तिथला नव्हताच. 1996 मध्ये एडमंटनला सुरू झाला, 1998 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या क्रॅनब्रुकला गेला आणि कूटने आइस झाला. वीस हजारांच्या त्या गावाने या संघाला तीनदा लीगचं विजेतेपद मिळवताना पाहिलं, 2002 मध्ये तिन्ही लीगमधल्या अव्वल संघांत खेळला जाणारा मेमोरियल कपसुद्धा जिंकताना पाहिलं. पुढे मालक बदलले, प्रेक्षक रोडावले आणि 2019 मध्ये संघ विनिपेगला नेण्यात आला. तिथे तो विद्यापीठाच्या आवारातल्या, जेमतेम सोळाशे प्रेक्षकांच्या रिंकवर खेळू लागला. सांगितलं होतं की हे तात्पुरतं आहे, नवी रिंक येणार आहे. ती आलीच नाही. विनिपेगमध्ये असेपर्यंत अव्वल दर्जाची मुलं त्या छोट्या इमारतीतच खेळली. तिकिटं विकून विकणार किती? क्रॅनब्रुकची रिंक त्याहून कितीतरी मोठी होती, म्हणजे मोठ्या शहराच्या ओढीने संघाने मोठी रिंक सोडून लहान रिंक पत्करली. वेनाचीकडे तयार रिंक होती, एवढं पुरलं.

माझं म्हणणं असं, की संघ टिकणं लोकसंख्येवर ठरत नाही. संघ कुणाच्या मालकीचा आणि रिंक कुणाच्या ताब्यात, या दोन प्रश्नांवर ठरतं.

सस्कॅचेवानमधलं स्विफ्ट करंट बघा. सतराएक हजारांची वस्ती, अख्ख्या लीगमधलं सगळ्यांत लहान गाव. हा संघ 1974 मध्ये लेथब्रिजला गेला होता. 1986 मध्ये गावाने तो परत आणला, आणि तो कुणा एका शेठजीचा नाही, गावाचा म्हणून. त्याच वर्षी 30 डिसेंबरला संघाची बस उलटली आणि चार खेळाडू गेले. नुकत्याच परत आलेल्या संघावर एवढा घाला. तरी अडीच वर्षांत, 1989 मध्ये, त्याच संघाने मेमोरियल कप जिंकला. पुढे 2018 मध्ये लीगही जिंकली. मोठमोठ्या शहरांतून संघ उठून गेले, हा तिथेच आहे.

मूस जॉचंही तसंच. 1984 मध्ये विनिपेगचा वॉरियर्स संघ तिथे आला आणि गावकऱ्यांनी तो आपल्याकडे ठेवला. ज्या जुन्या रिंकमध्ये तो खेळायचा तिचं छप्पर मधोमध खोलगट होतं, लोक तिला प्रेमाने चेपलेला डबा म्हणायचे. ती जुनी झाली तेव्हा नवी बांधायची की नाही यावर आधी नागरिकांचं मतदान झालं. गावात कडाक्याचे वाद झाले, पण 2011 मध्ये नवी इमारत उभी राहिली. 2024 मध्ये त्या संघाने पहिल्यांदा लीगचं विजेतेपद मिळवलं. चाळीस वर्षं वाट बघायला मालक तयार झाला, कारण मालक गावच होतं.

प्रिन्स अल्बर्ट आणि लेथब्रिज इथेही हीच पद्धत आहे, आपल्या ओंटारियोत किचनर आणि पीटरबरोला. अशा संघाचं संचालक मंडळ निवडून येतं. दरवर्षी सर्वसाधारण सभा होते, नफा किती, तोटा किती हे आकड्यांसकट मांडलं जातं आणि दुसऱ्या दिवशी गावाच्या पेपरात छापून येतं. तोटा आला तर लोक चिडतात, प्रश्न विचारतात, मॅनेजर बदला म्हणतात. पण संघ विकून टाका, असं सहसा कुणी म्हणत नाही. सहकारी संस्थेची सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

रिंकचा मुद्दा आपल्या दाराशीच आहे. 2023 मध्ये हॅमिल्टनची मोठी इमारत नूतनीकरणासाठी बंद होणार म्हणून तिथला बुलडॉग्ज हा संघ ब्रँटफर्डला आला. याच ब्रँटफर्डचा संघ 1984 मध्ये हॅमिल्टनला गेला होता. मी ब्रँटफर्डला राहतो, सिव्हिक सेंटरला सामन्यांना जातो. तिथे तीनएक हजार माणसं मावतात. शुक्रवारी संध्याकाळी दारात फिफ्टी-फिफ्टीची, म्हणजे अर्धे पैसे विजेत्याला देणाऱ्या सोडतीची, तिकिटं विकणारे आजोबा उभे असतात, आत मधल्या सुट्टीत पोरंटोरं बर्फावर फोमचे पक, म्हणजे खेळातल्या चकत्या, फेकतात, आणि सामना सुरू असताना काचेवर आदळणारा खेळाडू तुमच्यापासून हातभर अंतरावर असतो. हॅमिल्टनच्या प्रचंड सभागृहात तेवढेच प्रेक्षक आले तरी ते रिकामं वाटायचं. इमारत फार लहान असून चालत नाही, हे विनिपेगने दाखवलं. फार मोठीही चालत नाही.

ब्रॅम्प्टनकरांनी तर सगळंच पाहिलंय. बटॅलियन हा संघ 1998 मध्ये आला, 2013 मध्ये नॉर्थ बेला गेला. आणि नॉर्थ बेनेही त्याआधी, 2002 मध्ये, आपला संघ मिशिगनमधल्या सॅगिनॉला गमावला होता. 2024 मध्ये मिसिसॉगाचे स्टीलहेड्स ब्रॅम्प्टनला आले. म्हणजे जो आनंद इथे झाला तो शेजारच्या गावाचं दुःख होता, आणि या सभागृहात दोन्ही गावांची माणसं बसली आहेत.

क्युबेक लीगमध्ये बॅथर्स्टचं जाणं मला फार लागलं. न्यू ब्रन्सविक प्रांतातलं बारा हजारांचं गाव. 1998 मध्ये लावालहून संघ आला, 2018 मध्ये मेमोरियल कप जिंकला आणि 2025 मध्ये सेंट जॉन्सला, न्यूफाउंडलंडला गेला. त्याच शहराने, त्याच इमारतीत, 2005 ते 2008 असा तीन हंगाम एक संघ सांभाळून गमावला होता. पाहुण्या संघांना तिथे विमानाने जावं लागतं, हा खर्च तेव्हाही होता आणि आजही आहे. सेंट जॉन्सला संघ मिळाला याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण बॅथर्स्टच्या लोकांना तो विकत घेण्याची पुरेशी संधी आणि पुरेसा वेळ मिळायला हवा, असा नियमच असायला हवा होता.

संघ बुडणं त्या मानाने क्वचित घडतं. मेन राज्यातलं लुइस्टन, जिथे 1965 मध्ये मोहम्मद अली आणि लिस्टन यांची दुसरी लढत झाली, तिथल्या संघाने 2007 मध्ये क्युबेक लीग जिंकली आणि 2011 मध्ये तो बंदच केला गेला. खेळाडू ड्राफ्टने, म्हणजे आळीपाळीने निवड करून, इतर संघांत वाटले गेले.

आता विस्ताराचं वारं आहे आणि ते एका नियमामुळे आलं. अमेरिकन कॉलेज हॉकीत मेजर ज्युनियर खेळलेल्या मुलांना बंदी होती, म्हणून कॉलेजला जाऊ इच्छिणारी मुलं ब्रिटिश कोलंबिया लीगसारख्या लीगमध्ये खेळायची. नोव्हेंबर 2024 मध्ये ती बंदी उठवण्याचं ठरलं आणि ऑगस्ट 2025 पासून ती उठली. त्याबरोबर त्या लीगचं मुख्य आकर्षणच गेलं. पेंटिक्टनचा संघ तिथून उठून 2025-26 मध्ये वेस्टर्न लीगचा 23 वा संघ झाला, चिलिवॅकला 2026-27 पासून 24 वा संघ ठरला. हेच चिलिवॅक 2011 मध्ये आपला वेस्टर्न लीगचा संघ व्हिक्टोरियाला गमावून बसलं होतं. वरच्या लीगला याला विस्तार म्हणता येईल, पण खालच्या लीगमध्ये तेवढीच भोकं पडली.

इथे माझ्या म्हणण्याला अडचणीचं एक उदाहरण आहे, ते टाळणार नाही. मेरिट, ब्रिटिश कोलंबियातलं सात हजारांचं गाव, गावाच्याच मालकीचा संघ, 1973 पासून एकाच जागी. 2024 मध्ये त्यांनी ब्रिटिश कोलंबिया लीग सोडली, कारण खर्च पेलवत नव्हता. गावाची मालकी पैसा निर्माण करत नाही, हे खरंच आहे. पण ते एक पायरी उतरून कूटने लीगमध्ये खेळू लागले, त्याच नावाने, त्याच रिंकवर. एकट्या मालकाने अशा वेळी हक्क विकून पैसे मोकळे केले असते. माझ्या लेखी हा मोठाच फरक आहे.

म्हणून लीगकडे माझी मागणी सरळ आहे. संघ हलवायचा अर्ज आला की आधी गावाला तो ठरावीक किमतीत विकत घेण्याची संधी आणि एक पूर्ण हंगाम द्यावा, भागभांडवल जमवायला. नव्या शहरात बांधून तयार असलेली रिंक दाखवल्याशिवाय, केवळ आराखड्यावर, परवानगी देऊ नये. आणि ब्रॅम्प्टन, ब्रँटफर्डमधल्या आपल्या लोकांनी सीझन तिकीट जरूर काढावं, पण नगर परिषदेत रिंकचा करार चर्चेला येईल त्या दिवशीही हजर राहावं. करार किती वर्षांचा, मुदतीआधी निघून गेल्यास भरपाई किती, एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं.