कॅलेची ती संध्याकाळ

फ्रान्सच्या उत्तर टोकाला, इंग्लंडच्या डोव्हर बंदरापासून जेमतेम 34 किलोमीटरवर कॅले हे बंदराचं शहर आहे. इथली लेस एकेकाळी जगभर जायची. पुढे कारखाने एकेक करून बंद पडत गेले आणि बेकारी वाढली. याच कष्टकरी गावात कॅले आरयूएफसी नावाचा फुटबॉल क्लब होता. साल 2000. क्लब चौथ्या श्रेणीत खेळत होता. खेळाडूंमध्ये कुणी गोदीत काम करायचं, कुणी शिक्षक, कुणी दुकानात नोकरीला. दिवसभराचं काम उरकायचं आणि मग सरावाला यायचं. प्रशिक्षक होते लादिस्लास लोझानो.

कूप द फ्रान्स ही फ्रान्सची राष्ट्रीय चषक स्पर्धा. गल्लीतल्या संघापासून राष्ट्रीय विजेत्यापर्यंत हजारो क्लब एकाच स्पर्धेत उतरतात. दुबळा संघ दोन किंवा त्याहून जास्त श्रेणी खालचा असेल, तर सामना त्याच्या घरी होतो. मोठ्यांनी छोट्यांच्या दारात जायचं, हा नियम मला या स्पर्धेतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

त्या हंगामात कॅलेने आधी दुसऱ्या श्रेणीतल्या लीलला पेनल्टी शूटआउटमध्ये घरी पाठवलं. मग कान या क्लबलाही तसंच. उपांत्यपूर्व फेरीत पहिल्या श्रेणीतला स्ट्रासबर्ग 2-1 ने हरला. आता मात्र सारा फ्रान्स कान टवकारून बसला.

उपांत्य सामन्यात समोर बोर्दो, म्हणजे आदल्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता. कॅलेचं स्वतःचं मैदान एवढ्या गर्दीला पुरणारं नव्हतं, म्हणून सामना लाँसच्या मोठ्या स्टेडियममध्ये झाला. नव्वद मिनिटं संपली, एकही गोल नाही. जादा वेळेत कॅलेने आघाडी घेतली, बोर्दोने बरोबरी केली. आता संपलं, असंच कुणालाही वाटलं असतं. पण कॅलेची पोरं हटली नाहीत! शेवटच्या काही मिनिटांत त्यांनी आणखी दोन गोल मारले. निकाल 3-1. चौथ्या श्रेणीतला क्लब या चषकाच्या अंतिम फेरीत जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

7 मे 2000. स्ताद द फ्रान्स. दोनच वर्षांपूर्वी याच मैदानावर फ्रान्सने विश्वचषक उंचावला होता. समोर नाँत, आदल्या वर्षीचा चषक विजेता. 34व्या मिनिटाला जेरोम द्युतित्रने गोल केला आणि कॅले मध्यंतराला 1-0 ने पुढे! मध्यंतरानंतर लगेचच नाँतच्या आंत्वान सिबिएर्स्कीने बरोबरी साधली. मग अगदी शेवटच्या क्षणी नाँतला पेनल्टी मिळाली. निर्णय वादग्रस्त होता. सिबिएर्स्कीने ती मारली आणि कॅले हरला, 2-1.

इथे थोडं थांबायला हवं. नाँतचा कर्णधार मिकाएल लांद्रो हा गोलरक्षक, तेव्हा अवघा वीस वर्षांचा. चषक त्याच्या हातात येणार, तर त्याने कॅलेचा कर्णधार रेजिनाल्ड बेक याला सोबत घेतलं. दोघांनी मिळून चषक वर उचलला. एक बाजू विजेत्याच्या हातात, दुसरी हरलेल्याच्या. कुणी सांगितलं म्हणून असं होत नसतं; ते त्या मुलाच्या मनातूनच आलं असणार. मला स्वतःला त्या सामन्यातल्या तिन्ही गोलांपेक्षा हे दृश्य मोठं वाटतं.

पुढची कहाणी सांगताना मात्र जीव जड होतो. 2006 मध्ये कॅले पुन्हा उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला, आणि समोर पुन्हा नाँत! या वेळी 1-0 ने हार. 2008 मध्ये शहरात बारा हजार प्रेक्षकांचं नवं स्टेडियम उभं राहिलं. नाव ठेवलं स्ताद द लेपोपे, म्हणजे महागाथेचं स्टेडियम. कौतुक खरंच होतं, पण खालच्या श्रेणीत खेळणाऱ्या क्लबला तो फार मोठा अंगरखा होता. दर आठवड्याला एवढे प्रेक्षक आणायचे कुठून? क्लब पैशांच्या अडचणीत रुतत गेला आणि सप्टेंबर 2017 मध्ये न्यायालयाने तो दिवाळखोरीत काढला. कॅले आरयूएफसी बंद झाला.

तिथे घडलं ते एकट्या कॅलेचं दुर्दैव नव्हे. चषकाच्या एका फेरीतून येणारा पैसा आणि प्रसिद्धी वर्षभरही पुरत नाही. क्लब चालतो तो रोजच्या वर्गणीवर, स्थानिक मदतनिसांवर आणि पालिकेच्या अनुदानावर. दारात लीग विजेते आले तरी दुसऱ्या दिवशी मैदानाचं गवत कापायला माणूस लागतोच.