कल्ले उघडून बघा

(दृश्य: हर्णै बंदर, संध्याकाळचा लिलाव)
सुवर्णदुर्गासमोर लाँचा नांगरून उभ्या आहेत. मासळी घेऊन बैलगाड्या पाण्यातून किनाऱ्याला लागतायत. बोली चढते आहे, पण या मावशींचा हात बघा. सुरमईचा कल्ला उचलला, आतली लाली पाहिली आणि मगच दर विचारला.

(दृश्य: दापोली, ऑनलाईन फॉर्म भरून देणारं दुकान. स्क्रीन जवळून)
सातबारा, दाखले, पत्रिका, सगळं एकाच डेस्कटॉपवर. ही फाईल बघा: 'लग्नपत्रिका डॉट पीडीएफ'. आता 'व्ह्यू'मध्ये जाऊन एक टिक करू. तीच फाईल, पण नाव झालं 'लग्नपत्रिका डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई'. पत्रिका नव्हेच, हा प्रोग्राम! नमुना आम्हीच बनवलाय, निरुपद्रवी आहे. खरं तर टिक नसताना बाकीच्या फाईलींचा शेवट दिसत नव्हता, हिचाच दिसत होता. ज्याला हे खटकेल तो वाचला. पण गिऱ्हाईकांची रांग लागलेली असताना कोणाला खटकणार?

(दृश्य: जुना संगणक, धूळ झटकताना)
फाईलचा प्रकार सांगणाऱ्या शेवटच्या अक्षरांची ही लपवाछपवी १९९५ च्या विंडोज ९५ पासूनची. हेतू वाईट नव्हता. नाव बदलताना शेवटची अक्षरं चुकून पुसली की फाईल उघडायची नाही, मग दाखवायचीच कशाला? त्याआधी १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाने आज्ञा टाईप करण्याची कटकटच काढून टाकली होती, आणि ते बरंच झालं. २००७ च्या आयफोनवर तर फाईली बघायची सोयच नव्हती. 'फाइल्स' ॲप यायला २०१७ उजाडलं.
मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' व्हायरस मेलमधून आला. फाईल खरी 'व्हीबीएस', म्हणजे प्रोग्राम; अनेकांना दिसली फक्त 'टीएक्सटी', म्हणजे साधा मजकूर. जगभरातले लाखो संगणक त्याच्या तावडीत सापडले.

(दृश्य: दुकानदाराच्या हातात अँड्रॉइड फोन)
सेटिंग्जमधल्या 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या सोयी, उघडतात. असं लपवणं आम्हाला पटतं. हवं त्याला सापडतं, इतरांच्या वाटेत येत नाही. मेमरीचा हिशोब मावशींना कशाला? पण समोर आलेला कागद आहे की प्रोग्राम, हे त्यांना दिसलंच पाहिजे.

(दृश्य: पुन्हा स्क्रीन, माऊसचा बाण)
'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स', म्हणजे नावाची शेवटची अक्षरं. विंडोज ११ मध्येही ही टिक मुळात बंदच येते.