अर्धी पाळलेली थीम

मित्रहो, थीम म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-बटनांचं रंगरूप. ती बदलली की खिडकीतलं बटन नेमकं कोण रंगवतं, इथूनच सुरुवात करू. बहुतेकांना वाटतं, ॲप रंगवतं. तसं नसतं. लिनक्सवरचं ॲप सहसा स्वतः रेघोट्या ओढत बसत नाही. ते जीटीके किंवा क्यूटी या टूलकिटला, म्हणजे बटनं-चौकटी तयार पुरवणाऱ्या संचाला, सांगतं, 'इथे एक बटन ठेव, त्यावर जतन करा असं लिही.' बटन किती उंच, कडा गोल की चौकोनी, माऊस वर आला की रंग कोणता, हे टूलकिट थीमला विचारून ठरवतं. लिबरऑफिस तर दोन्ही टूलकिटांशी जुळवून घेतं. त्यामुळे तेच ऑफिस गनोम या लिनक्स डेस्कटॉपवर एक दिसतं आणि केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर दुसरंच, अगदी स्क्रोलबारसकट.

इलेक्ट्रॉनवर, म्हणजे वेबच्या तंत्रानं डेस्कटॉप ॲप बनवायच्या साधनावर, बांधलेल्या ॲपची तऱ्हा वेगळी. त्यांच्या पोटात क्रोमियम ब्राउझर असतो आणि आपली बटनं ती आपणच रंगवतात. तुम्ही डेस्कटॉप कितीही नटवा, त्यांना त्याचं सोयरसुतक नाही. पण मला त्यांची फारशी काळजी वाटत नाही. जे ॲप थीम अजिबात मानत नाही, ते निदान आतून तरी एकसारखं असतं.

खरा घोटाळा करतं ते अर्धी थीम पाळणारं ॲप. समजा, प्रोग्रामरनं फॉर्ममधल्या चौकटीला हातानं पांढरा रंग देऊन ठेवला आणि अक्षरांचा रंग मात्र थीमवर सोडला. त्याच्या मशीनवर उजळ थीम होती, सगळं छान दिसलं. तुम्ही लावली डार्क थीम. थीम म्हणते, अक्षरं पांढरी. झालं! तुम्ही नाव टाइप करताय, कर्सर पुढे सरकतोय आणि चौकट कोरीच्या कोरी. लिनक्सवर फायरफॉक्समधून वेबसाइटचे फॉर्म भरताना अनेकांनी हा प्रकार भोगलाय. 'काहून बे, काही दिसूनच नाही राहिलं!' एवढंच तोंडातून निघतं. दोष थीमचा नाही, वापरणाऱ्याचाही नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी, दोन्ही रंग तुम्ही ठरवा, नाहीतर दोन्ही थीमवर सोडा. एक आपला आणि एक उसना, हे चालत नाही.

या कटकटीतूनच गनोमच्या मंडळींचं भांडण पेटलं. जीटीके ३ च्या थीम सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानांना रंगरूप देणाऱ्या भाषेत, लिहिल्या जात, पण २०१६ साली ३.२० आवृत्ती आली आणि कितीतरी जुन्या थीम मोडल्या. वर लिनक्सची उबुंटूसारखी वितरणं आपापली थीम आणि आयकॉन सगळ्या ॲपवर चढवत. बिघडलेल्या बटनाची तक्रार मात्र जायची ॲप लिहिणाऱ्याकडे, ज्यानं ती थीम कधी पाहिलेलीच नसायची. शेवटी २०१९ मध्ये काही डेव्हलपरांनी जाहीर पत्रच काढलं: आमच्या ॲपला परस्पर थीम लावू नका. पुढे २०२२ च्या गनोम ४२ पासून लिबअद्वैता ही लायब्ररी, म्हणजे ॲपना वापरायला तयार कोडचा संच, रुळली. त्यावरची ॲप डेस्कटॉपला 'उजेड की अंधार' एवढंच विचारतात आणि बाकीचं रूप आपलंच ठेवतात. गनोम ४७ मध्ये ठळक रंग निवडायची मुभा तेवढी वाढली. मला हे पटतं. हळहळही वाटते, कारण विंडोज एक्सपीच्या काळात थीमची डीएलएल फाइल उसवून भलतीच रूपं चढवणारी जी पोरं होती, त्यातलाच मी. (तिथे शेजारच्या रांगेत कोण हसतंय?)

आता डार्क थीमबद्दल. बॅटरी वाचते म्हणतात, ते ओएलईडी पडद्यापुरतं खरं. तिथे काळा पिक्सेल जवळपास बंदच असतो. साध्या एलसीडीमागचा दिवा काळ्या रंगामागेही जळतच राहतो. आणि आपल्या नागपुरात मे महिन्याच्या दुपारी बर्डीवरच्या एखाद्या दुकानात, रस्त्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाच्या संगणकावर डार्क थीम लावून बघा. बिलाच्या आकड्यांआधी त्याला मागचा रस्ता आणि स्वतःचा चेहरा दिसेल. तिथे उजळ थीमच बरी. फिकट करड्या अक्षरांची हौस मात्र दोन्हीकडे नडते. वेबसाठीचा सुगम्यतेचा नियम साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक, मागतो. पांढऱ्यावरचा #777777 हा, म्हणजे रंगाच्या कोडमध्ये सहा साती असलेला, करडा रंग ४.४८ वर अडकतो. सातीच्या जागी सहाही ठिकाणी सहा घेतलेत, #666666, की पार होतो.

समोरून चिठ्ठी आलीय: 'मराठीसाठी वेगळी थीम लागते का?' वेगळी नको, पण वर-खाली जागा हवी. रोमन अक्षरांचा हिशेब धरून कोणी बटनाची उंची पिक्सेलमध्ये बांधून टाकली, की आपल्या वेलांट्या, रफार, उकार कापले जातात. अर्ज तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'मंजूर' या बटनावरचा अनुस्वार कापला गेला, तर वाचणाऱ्याला दिसेल 'मजूर'. म्हणून उंची बांधू नका, किमान उंची द्या आणि बाकीचं फॉन्टला ठरवू द्या. तपासताना 'कुटुंब', 'सर्वेक्षण', 'दुरुस्ती' असे शब्द बटनावर टाका, अक्षराचा आकार दीडपट करा, आणि मग उजळ, डार्क आणि हाय कॉन्ट्रास्ट अशा तिन्ही थीममध्ये तेच पान उघडा. चहाच्या आधी लॅपटॉप आणलेल्यांनी इथेच करून बघायला हरकत नाही. प्लगपॉइंट मागच्या भिंतीला आहेत.