लेबल कुठे राहणार, ते आधी विचारा

(सांगलीतील लघुउद्योजक, बेदाणा-हळद व्यापारी आणि प्रयोगशाळांतील कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर बेदाण्याचे अडते बसलेत, कोल्ड स्टोरेजवाले आहेत, मिरजेच्या लॅबमधली मुलं-मुली आहेत, हळद पावडर पॅक करणाऱ्या बचत गटाच्या ताई आहेत. माल प्रत्येकाचा वेगळा, पण टेबलावरचा लेबल प्रिंटर बहुतेकांचा एकाच प्रकारचा, आणि त्यात लावलेला पांढरा रोलही बऱ्याचदा एकाच जातीचा. आज मला बोलायचंय ते या रोलबद्दल, म्हणजे उष्णतेने काळं होणाऱ्या थर्मल कागदाच्या लेबलांबद्दल.

मार्चमध्ये तासगावच्या कोल्ड स्टोरेजला गेलेला बेदाण्याचा बॉक्स पुष्कळदा दिवाळीच्या तोंडावर बाहेर निघतो. शेतकऱ्याचं नाव, लॉट नंबर, प्रत, वजन, सगळं त्याच्यावरच्या एका लेबलवर असतं. ती अक्षरं उडाली तरी आतला बेदाणा तितकाच गोड असतो, फक्त तो कुणाचा हे सांगता येत नाही. मग सौद्याच्या दिवशी बॉक्स बाजूला काढा, वह्या चाळा, फोन करा. पंधरा किलो मालाची अशी अडचण होते ती काही पैशांच्या कागदामुळे. म्हणून मी नेहमी सांगतो, हजारी दर विचारायच्या आधी स्वतःला विचारा की हे लेबल कुठे राहणार आहे, किती दिवस, आणि त्याला काय काय लागणार आहे.

आता हे लेबल काळं होतं कसं, ते बघू. तुमच्या प्रिंटरमध्ये शाई नाही, रिबन नाही. फक्त एक हेड आहे. सिरॅमिकच्या पट्टीवर एका ओळीत बसवलेले अतिसूक्ष्म तापणारे ठिपके. २०३ डीपीआयचा, म्हणजे इंचाला २०३ ठिपक्यांचा हेड म्हणजे एका मिलिमीटरमध्ये आठ ठिपके, ३०० डीपीआयचा म्हणजे जवळजवळ बारा. जो ठिपका तापतो त्याच्याखालचा कागद काळा होतो. म्हणजे छपाईचं सगळं सामान कागदातच भरलेलं असतं.

त्या कागदाच्या थरात दोन मुख्य पदार्थ असतात. एक रंगद्रव्य, जे मुळात रंगहीन असतं. त्याला ल्यूको डाय म्हणतात. दुसरा आम्लधर्मी पदार्थ, त्याचं नाव डेव्हलपर. दोन्ही वेगवेगळे पाण्यात दळतात, साधारण एका मायक्रॉनपर्यंत बारीक, आणि मग एकत्र करून कागदावर लावतात. घन अवस्थेत असताना ते शेजारी शेजारी असूनही एकमेकांना काही करत नाहीत. उष्णता मिळाली की वितळतात, मिसळतात, आणि डायच्या रेणूतलं एक कडं उघडून तो काळा होतो. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. तिथे रंग बदलतो अल्कलीमुळे, इथे आम्लामुळे. वितळण्याचा बिंदू खाली आणायला तिसरा पदार्थ घालतात, सेन्सिटायझर. तो जास्त असेल तर कमी उष्णतेत, जास्त वेगात छपाई होते. पण तोच कागद मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद टेम्पोत करडा पडायची शक्यताही वाढते. वेगवान कागद आणि टिकाऊ कागद हे दोन्ही एकाच दरात मागू नका.

या रासायनिक थराच्या खाली आणखी एक थर असतो, प्रीकोट. त्यात भाजलेली चिनी माती वापरतात. त्याने कागद गुळगुळीत होतो आणि हेडची उष्णता खाली झिरपून वाया न जाता वरच राहते. ठिपके रेखीव उमटतात ते या थरामुळे. बारकोडच्या रेषांच्या कडा फाटल्यासारख्या दिसत असतील तर नुसता प्रिंटरला दोष देऊ नका, प्रीकोट हलका असलेला कागदही असं करतो.

आता येतो खरा मुद्दा, वरचा थर. टॉपकोट. बाजारात दोन रोल शेजारी ठेवले तर फारसा फरक दिसत नाही. एक बिनटॉपकोटचा, त्याला पुरवठादार इको म्हणतात, आणि दुसरा टॉपकोटेड. टॉपकोटमध्ये पीव्हीए, म्हणजे पाण्यात विरघळणारं पण लावताना रेणू एकमेकांना जोडून पक्कं केलेलं पॉलिमर असतं, त्यात बारीक माती आणि हेडवर घर्षण कमी व्हावं म्हणून झिंक स्टिअरेटसारखा घसरणारा पदार्थ. हा थर पाणी, तेल, घाम आणि खरचटणं यांना रासायनिक थरापर्यंत पोचू देत नाही, निदान लवकर तरी पोचू देत नाही. काही कागदांना मागूनही एक थर देतात, म्हणजे गममधले किंवा पाकिटाच्या प्लॅस्टिकमधले पदार्थ पाठीमागून चढत नाहीत.

तेलाचं इतकं महत्त्व का? काळा रंग ही डाय आणि डेव्हलपर यांची जोडी आहे, आणि ती जोडी सुटू शकते. तेल, तूप, मऊ पीव्हीसीतलं प्लॅस्टिसायझर, म्हणजे प्लॅस्टिकला मऊ ठेवणारा पदार्थ, आत शिरलं की जोडी फुटते आणि अक्षर फिकं होत होत नाहीसं होतं. द्राक्षं वाळवण्याआधी ज्या द्रावणात बुडवतात, त्यातलं डिपिंग ऑइल मुख्यतः इथाइल ओलिएट. तसल्या हातांनी इको लेबल हाताळलं तर बोटांच्या जागी अक्षरं उडणारच. हळद पावडरीचंही तसंच, हळदीत सुगंधी तेल असतं आणि पॅकिंगच्या खोलीत पूड सगळीकडे बसलेली असते.

अल्कोहोलचं मात्र उलटं. ते डाय आणि डेव्हलपर दोन्ही विरघळवतं, ते भेटतात, आणि पांढरी जागाच काळी होते. मिरजेच्या लॅबवाल्यांनी हे जपायला हवं. सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने नमुन्याच्या ट्यूबवरचं साधं लेबल धरलं तर बारकोडच्या मधल्या पांढऱ्या जागा भरून येतात. रुग्णाच्या रक्ताच्या नमुन्यावर असं होणं मला अजिबात मान्य नाही. तिथे टॉपकोटेडशिवाय दुसरं लेबल वापरूच नये.

आणि एक कळकळीची विनंती. लेबल टिकावं म्हणून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी मारायची पद्धत आपल्या मार्केट यार्डात सर्रास आहे. करणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण पट्टीच्या गममधले पदार्थ हळूहळू कागदात उतरतात आणि ज्या अक्षरांना वाचवायला पट्टी लावली, नेमकी तीच फिकी होतात. पट्टी लावावीशी वाटते, याचाच अर्थ तिथे टॉपकोटेड किंवा रिबनवाल्या छपाईचं लेबल हवं होतं.

कागद झाला. आता त्याला गम लागतो कसा? इथे एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. गम कागदाच्या पाठीवर थेट फासत नाहीत. पाण्यातला ॲक्रिलिक गम वाळवायला गरम हवेच्या बोगद्यातून न्यावा लागतो. थर्मल कागद त्यातून नेला तर अख्खा रोल काळा होऊन बाहेर येईल. म्हणून आधी रिलीज पेपर, म्हणजे लेबल सोलल्यावर मागे राहणारा कागद घेतात, बहुधा ग्लासीन नावाचा गुळगुळीत कागद, त्याच्यावर चौरस मीटरला साधारण एक ग्रॅम सिलिकॉन चढवतात, त्या सिलिकॉनवर गम फासून तो पूर्ण वाळवतात, आणि अगदी शेवटी थंड अवस्थेत थर्मल कागद वरून दाबून बसवतात. तुम्ही लेबल सोलता तेव्हा गम रिलीज पेपर सोडून कागदाबरोबर येतो, तो सिलिकॉनमुळे.

असे मोठे जंबो रोल आमच्याकडे, कुपवाडच्या एमआयडीसीत, येतात. पुढचं काम आमच्यासारख्या लेबल बनवणाऱ्यांचं. फ्लेक्सो, म्हणजे लवचिक प्लेटने छापणाऱ्या मशीनवर नाव, लोगो छापायचा, शाई वाळवताना उष्णता सांभाळायची, मग पात्याच्या साच्याने कटिंग करायचं (त्यालाही डायच म्हणतात, पण तो मघाचा रंगाचा डाय नव्हे). यातली कारागिरी अशी की पात्याने वरचा कागद आणि गम कापला पाहिजे, खालच्या रिलीज पेपरला जखम होता कामा नये. जखम झाली की तो मशीनवर मध्येच तुटतो. भोवतीची जाळी ओढून काढतात, लेबलं राहतात. दोन लेबलांमधल्या फटीतून प्रकाश आरपार जातो आणि त्यावरून प्रिंटरच्या सेन्सरला लेबल कुठे संपलं ते कळतं. ग्लासीन अर्धपारदर्शक असतो त्याचा इथे उपयोग होतो.

गमकडे मी मुद्दाम जास्त वेळ देतो, कारण ऑर्डर देताना गमचं नावही कुणी काढत नाही. दोन मोठ्या जाती. ॲक्रिलिक गम ऊन, उष्णता आणि वय सोसतो, पिवळा पडत नाही. रबरावर आधारलेला हॉटमेल्ट, म्हणजे वितळवून लावलेला गम, लावताक्षणी जोरात धरतो, खरबरीत खोक्याला आणि प्लॅस्टिकलाही, पण फार उष्णतेत तो पातळ होऊन कडेने बाहेर येतो आणि उन्हात लवकर म्हातारा होतो. शिवाय कोरुगेटेड बॉक्सचा पृष्ठभाग ओबडधोबड, त्याला गमचा थर जाड लागतो. काचेच्या बाटलीला चालणारा पातळ थर खोक्याला पुरत नाही.

कोल्ड स्टोरेजवाल्यांनी दोन तापमानं वेगळी ओळखावीत. एक, लेबल लावतानाचं. दुसरं, लावल्यावर ते ज्यात राहणार आहे ते. साधा कायमस्वरूपी ॲक्रिलिक गम उबेत लावून, नीट दाबून, दिवसभर बसू देऊन मग थंडीत नेला तर शून्याखालीही टिकतो. पण तोच गम चार अंशातल्या बॉक्सवर लावला तर धरत नाही, कारण गारठ्यात गम कडक होतो आणि खोक्याच्या पृष्ठभागात शिरू शकत नाही. त्यात बाहेरच्या दमट हवेने बॉक्सवर पाणी सुटलेलं असेल तर तुम्ही लेबल खोक्यावर नव्हे, पाण्यावर लावताय. माल आत जाण्याआधीच लेबल लावा. ते जमणार नसेल तर ‘फ्रीझर ग्रेड’ गम स्पष्ट शब्दांत मागा. तागाच्या पोत्याला मात्र कोणताही गम नीट धरत नाही. तिथे दोऱ्याने शिवलेला टॅगच बरा.

आपल्या मालाला आता गावाचं नाव लागलंय. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मिळालं की ते वाचता येणंही आलं. खाद्यपदार्थांच्या लेबलवरचा मजकूर ठळक, न पुसणारा आणि सहज वाचता येणारा असावा असं कायदाही सांगतो. युरोपला द्राक्षं पाठवणाऱ्यांनी आणखी एक बघावं. डेव्हलपर म्हणून पूर्वी बिस्फेनॉल ए सर्रास वापरत. युरोपीय संघाने २ जानेवारी २०२० पासून थर्मल कागदातलं त्याचं प्रमाण वजनाच्या ०.०२ टक्क्यांच्या खाली आणलं. काहींनी त्याच्या जागी बिस्फेनॉल एस घातलं. ते त्याच घराण्यातलं आहे, म्हणून मी फिनॉल-फ्री, म्हणजे या घराण्यातला डेव्हलपर नसलेला कागदच घ्या म्हणतो, आणि तसं पुरवठादाराकडून लेखी घ्या. दिवसभर लेबलं सोलणारे हात तुमच्याच माणसांचे आहेत.

वर्षभराहून जास्त टिकवायचं असेल, किंवा लेबल उघड्या उन्हात राहणार असेल, तर थर्मल कागदाचा हट्ट सोडा. रिबनवर चालणारा थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्या. त्यात शाई रिबनवरून वितळून उतरते, कागद स्वतः काळा होत नाही. क्रोमो, म्हणजे गुळगुळीत लेप दिलेल्या कागदाला वॅक्स (मेणाची) रिबन पुरते, प्लॅस्टिक फिल्मला रेझिनची रिबन लागते.

बारकोडबद्दल एकच सूचना. छापून बाहेर पडणाऱ्या लेबलवर उभी, अखंड पांढरी रेघ दिसू लागली की हेडचा एक ठिपका जळालाय किंवा त्यावर घाण बसलीय. बारकोडच्या रेषा कागद सरकण्याच्या दिशेने असतील तर ती पांढरी रेघ एखादी अख्खी रेषाच खाऊन टाकते आणि स्कॅनर गप्प बसतो. रेषा आडव्या ठेवल्या तर प्रत्येकीचा थोडा तुकडा जातो, कोड बहुधा वाचला जातो. जागा असेल तर रेषा आडव्याच ठेवा. आणि हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसत जा, प्रत्येक रोल बदलताना. बिनटॉपकोटच्या कागदाची पूड हेड घासते, त्यामुळे स्वस्त रोलमध्ये वाचवलेले पैसे पुष्कळदा हेडमध्ये जातात.

मघाशी एका ताईंनी विचारलं की नवा रोल चांगला की नाही, हे घरच्या घरी कसं ओळखायचं. नखाने जोरात ओरखडा ओढा. घर्षणाच्या उष्णतेने काळी रेघ उमटली तर थर्मल कागद. दोन्ही रोलवर तुमचंच लेबल छापा, ओल्या बोटाने वीस-तीस वेळा घासा, इकोचं लवकर पुसट होतं. एका कोपऱ्यावर खायच्या तेलाचा थेंब ठेवा, दुसऱ्यावर सॅनिटायझरचा, तिसऱ्यावर चिकटपट्टी लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. मग तुमच्याच बॉक्सवर, तुमच्याच पाकिटावर लावून, तुमच्याच गोदामात ठेवा, आणि दर महिन्याला स्कॅनर फिरवून तारखेसह वहीत टिपा. बेदाणेवाल्यांनी ही चाचणी आत्ताच सुरू केली तर पुढच्या हंगामाची ऑर्डर देताना हातात स्वतःच्या गोदामाचा आकडा असेल. रोल साठवताना ते उन्हापासून दूर, कपाटात, पाकिटातच ठेवा, आणि आधी आलेला रोल आधी वापरा.